श्वास अडतो तो बाहेर पडताना: सीओपीडीच्या एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

छातीरोगतज्ज्ञांनी दिलेल्या चिठ्ठीवर मोजकाच मजकूर होता: सीओपीडी, चालताना धाप, श्वसनाचे व्यायाम द्यावेत. सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन हवा बाहेर पडायला अडथळा येणारा फुप्फुसांचा आजार. रुग्ण ६१ वर्षांचे निवृत्त शिक्षक. सुमारे तीस वर्षं दिवसाला एक पाकीट सिगारेट, चार वर्षांपूर्वी पूर्ण बंद केलेली. मी श्वसनविकाराच्या रुग्णांसोबत काम करणारी फिजिओथेरपिस्ट. ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत. विभागात सगळेच त्यांना ‘सर’ म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणते.

आजार नेहमीचा, उपचारही नवे नव्हेत. तरी हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण सरांचा बराचसा त्रास चांगल्या मनाने दिलेल्या एका सल्ल्यामुळे वाढत होता. दम लागला की घरचे, शेजारचे, सोबत फिरायला येणारे सगळे एकच सांगायचे: खोल श्वास घ्या. सरही मन लावून खोल श्वास घ्यायचे आणि दर वेळी आणखी गुदमरायचे. घेतलेला श्वास पूर्ण बाहेर कसा सोडायचा, हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं.

तक्रार

“मॅडम, हवा आत जातच नाही. छातीत जागाच उरली नाही असं वाटतं.”

सरांची ही दोन वाक्यं. पहिलं जवळजवळ प्रत्येक रुग्ण सांगतो. दुसऱ्याकडे नीट कान द्यायला हवा, कारण ते अक्षरशः खरं असतं.

एक मजला चढला की कठड्याला धरून थांबावं लागायचं. सपाट रस्त्यावरही बरोबरीची माणसं पुढे निघून जायची. बुटाची नाडी बांधायला वाकणं सगळ्यांत अवघड. पण सरांना लागलं होतं ते वेगळंच: बोलताना वाक्य मध्येच तुटायचं. आयुष्यभर वर्गात बोललेला माणूस चारचौघांत गप्प राहायला लागला होता. भेटायला कुणी आलं तर आत जाऊन बसायचे, असं त्यांच्या पत्नीने सांगितलं.

पत्नीचा पहिला प्रश्न होता, घरी ऑक्सिजनचं यंत्र आणायचं का? बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर बसल्या जागी ९५ टक्के दिसत होतं, चालून आल्यावर ९१. घरी कायम ऑक्सिजन देण्याचा विचार साधारणपणे विश्रांतीतलं प्रमाण ८८ टक्के किंवा त्याखाली गेल्यावर होतो. म्हणजे सरांना इतका दम लागत होता तो रक्तात ऑक्सिजन फार कमी पडल्यामुळे नव्हे. हे त्यांना पटायला वेळ लागला आणि ते स्वाभाविकच आहे. जीव घाबरा होतो तेव्हा माणसाला वाटतं ते हवा कमी पडल्यासारखंच.

पाहणीत काय दिसलं

हात लावण्याआधी मी रुग्णाला नुसतं बघते. सर खुर्चीत बसले होते, खांदे वर ओढलेले, दोन्ही हात मांड्यांवर टेकलेले. मिनिटाला २२ श्वास. निरोगी प्रौढ माणूस विश्रांतीत १२ ते २० श्वास घेतो. प्रत्येक श्वासाला गळ्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दोरीसारखे ताठ व्हायचे. शर्ट काढल्यावर छाती पुढून-मागून फुगलेली दिसली.

खरी गोष्ट खालच्या बरगड्यांनी सांगितली. मी दोन्ही तळवे तिथे ठेवले. श्वास घेताना या बरगड्या बाहेरच्या बाजूला उघडायला हव्यात. सरांच्या आत ओढल्या जात होत्या. याला हूव्हरचं चिन्ह म्हणतात. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा, सपाट झालं की ते खाली उतरण्याऐवजी बरगड्यांनाच आत खेचतं. आणखी एक बारीक गोष्ट तळव्यांना कळत होती: श्वास बाहेर जात असतानाच, अजून छाती खाली बसत असतानाच, पुढचा श्वास सुरू व्हायचा. उच्छ्वास कधी संपतच नव्हता.

आता तपासण्यांचे आकडे. स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकून बाहेर पडणारी हवा मोजण्याच्या चाचणीत, सरांनी पूर्ण जोर लावून फुंकलं तेव्हा एकूण २.४ लिटर हवा बाहेर आली, त्यातली पहिल्या सेकंदात १.२ लिटर. म्हणजे गुणोत्तर ०.५०. श्वासनलिका रुंदावणारं औषध दिल्यानंतरही हे गुणोत्तर ०.७० च्या खाली राहिलं तर अडथळा कायमचा आहे असं धरतात. सरांच्या बाबतीत ते औषधानंतरचंच होतं.

मग तंत्रज्ञाने त्यांना तीच हवा सावकाश, जोर न लावता सोडायला सांगितली. या वेळी २.९ लिटर बाहेर आली. माणूस तोच, दिवस तोच, आणि जोर काढून घेतल्यावर अर्धा लिटर हवा जास्त सुटली. या संपूर्ण प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा आकडा माझ्या मते हाच. पुढचे सगळे उपचार त्यावरच उभे राहिले.

स्पायरोमीटरला फक्त बाहेर आलेली हवा मोजता येते, आत उरलेली नाही. तिच्यासाठी बंद पेटीत बसवून करतात ती बॉडी प्लेथिस्मोग्राफी करावी लागते. त्यात दिसलं की सरांनी शक्य तितकी हवा बाहेर काढल्यानंतरही छातीत ४.४ लिटर हवा शिल्लक होती. त्यांच्या वयाला आणि उंचीला ती साधारण २.३ लिटर अपेक्षित होती. ‘जागाच उरली नाही’ ही तक्रार आता आकड्यांत समोर होती.

हवा आत का अडकते

निरोगी माणसाला विश्रांतीत श्वास सोडायला काहीच करावं लागत नाही. श्वास घेताना श्वासपटल आकुंचन पावून खाली जातं, फुप्फुस ताणलं जातं. श्वासपटल सैल पडलं की फुप्फुस स्वतःच्या लवचीकपणाने आक्रसतं आणि अर्धा लिटर हवा आपोआप बाहेर पडते. चढ चढताना किंवा फुगा फुगवताना पोटाचे स्नायू मदतीला येतात, एरवी नाही.

एम्फिसीमा या सीओपीडीच्या प्रकारात नेमका हा लवचीकपणा जातो. धुरामुळे वायुकोशांच्या, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या, भिंती नष्ट होतात आणि फुप्फुस जुन्या सैल इलॅस्टिकसारखं होतं: ताणलं जातं, पण परत येत नाही. याच भिंती बारीक श्वासनलिकांना चारही बाजूंनी ओढून उघड्या ठेवत असतात. तो आधार गेल्यावर नळ्या श्वास घेताना उघडतात आणि सोडताना मिटतात. त्यात रुग्णाने पोट आवळून जोरात फुंकलं, तर छातीतला दाब त्या नळ्यांनाच बाहेरून चेपतो. सावकाश सोडताना आलेली अर्ध्या लिटरची तफावत इथून आली.

वेळेचा हिशेब त्याहून कठोर आहे. मिनिटाला १५ श्वास असतील तर एका श्वासाच्या वाट्याला ४ सेकंद येतात. श्वास घेण्यात त्यातले साधारण दीड सेकंद गेले तरी सोडायला अडीच उरतात. सर जिना चढून आले तेव्हा मिनिटाला ३२ श्वास चालू होते. म्हणजे एका श्वासाला दोन सेकंदही नाहीत, सोडायला जेमतेम एक. अरुंद नळ्यांतून हवा एका सेकंदात निघत नाही. थोडी मागे राहते, पुढचा श्वास तिच्यावर चढतो, पुन्हा थोडी मागे राहते. काही श्वासांतच छाती जवळजवळ पूर्ण फुगलेल्या अवस्थेत पोचते, आणि माणूस उरलेल्या चिंचोळ्या जागेत उथळ, घाईचे श्वास घेत राहतो.

हे आम्ही मोजलंही. बसल्या जागी सरांना आणखी २.१ लिटर हवा आत घेता येत होती. जिना चढून आल्याबरोबर हीच क्षमता १.५ लिटर झाली होती. अशा वेळी “खोल श्वास घ्या” म्हणणं म्हणजे नसलेल्या जागेत आणखी हवा कोंबायला सांगणं. श्वासपटल आधीच सपाट, त्याला आणखी खाली जाता येत नाही. मग मान आणि खांदे ते काम ओढतात आणि थकतात. थकवा आला की भीती, भीतीने श्वास अधिक जलद, आणि सोडायला वेळ आणखी कमी.

एक गैरसमज इथेच दूर करते, कारण सरांनी तो कुठेतरी वाचला होता आणि त्याने ते धास्तावले होते. फुप्फुसात उरणारी हवा म्हणजे साचलेलं विष नव्हे. प्रत्येक निरोगी माणसाच्या छातीत पूर्ण श्वास सोडल्यावरही तरुणपणी साधारण सव्वा लिटर हवा राहतेच, आणि वयानुसार ती वाढते. ती नसेल तर वायुकोश मिटून जातील. फुप्फुस रिकामं करणं हा आमचा हेतू नव्हताच. पुढचा श्वास सहज घेता येईल, इतपत मागचा सोडला गेला पाहिजे, एवढंच हवं होतं.

उपचार

कार्यक्रम आठ आठवड्यांचा, पल्मनरी रिहॅबच्या (फुप्फुसाच्या रुग्णांसाठीच्या व्यायाम कार्यक्रमाच्या) नेहमीच्या चौकटीतला: देखरेखीखाली चालणं, पायांची ताकद, श्वासाचं तंत्र. चालणं आणि ताकदीबद्दल फार लिहीत नाही, त्याचं महत्त्व सर्वांना ठाऊक आहे. श्वासाचं काम कसं उलगडत गेलं ते सांगते.

सुरुवात मी बसण्यापासून केली. पुढे झुकून कोपर मांड्यांवर टेकायचे, खांदे सैल सोडायचे. या स्थितीत पोटातल्या अवयवांचा दाब सपाट श्वासपटलाला थोडा वर ढकलतो आणि त्याला काम करायला वाव मिळतो. हातांना टेकू मिळाल्याने मानेच्या स्नायूंचा भारही हलका होतो. सरांचा चेहरा काही मिनिटांत सैलावला. तोवर मी श्वासाबद्दल एक शब्दही बोलले नव्हते.

मग ओठांचं तंत्र. नाकाने दोन अंक मोजेपर्यंत साधा श्वास घ्यायचा, मुद्दाम खोल नाही. मग शीळ घालताना करतो तसे ओठ जवळ आणून चार अंक मोजेपर्यंत सोडायचा. ओठांच्या अडथळ्यामुळे श्वासनलिकांत थोडा उलटा दाब राहतो, त्या लवकर मिटत नाहीत, आणि श्वासांची संख्या आपोआप उतरते.

सरांनी पहिल्याच दिवशी हे मनापासून केलं आणि घोटाळा झाला. ‘पूर्ण सोडायचा’ हे शब्द त्यांनी पक्के धरले. गाल फुगवून, पोट आवळून, शेवटचा थेंब काढावा तसं फुंकायला लागले. छातीतून शिट्टीसारखा आवाज, मग खोकल्याची उबळ, डोळ्यांत पाणी. असं बरेच रुग्ण करतात आणि ‘हा व्यायाम मला जमत नाही’ म्हणून सोडून देतात. मी त्यांना स्पायरोमेट्रीचे ते दोन आकडे कागदावर लिहून दाखवले. २.४ आणि २.९. म्हटलं, “सर, जोर लावलात तेव्हा कमी आली, सोडून दिलीत तेव्हा जास्त.” गणित शिकवलेल्या माणसाला इतकं पुरलं.

जोर काढायला खरा उपयोग आवाजाचा झाला. माणूस बोलतो ते श्वास सोडतानाच. हळू आवाजात, कुजबुजीच्या थोडं वर, एका श्वासात एकपासून अंक म्हणत जायचे. आवाज कापरा झाला, गळा आवळला गेला की तिथेच थांबायचं, पुढे रेटायचं नाही. आवाजावर लक्ष असलं की पोट आपसूक मऊ राहतं आणि कुठे ताण येतोय ते रुग्णालाच ऐकू येतं. सर सुरुवातीला नवापर्यंत जात. कार्यक्रम संपताना सतरापर्यंत सहज जात होते. आकडा वाढवणं हे ध्येय ठेवू नका असं मी वारंवार सांगत होते, कारण स्पर्धा आली की जोर येतो.

तिसरी गोष्ट हालचालीशी सांगड. जिन्यावर एका जागी उभं राहून श्वास घ्यायचा आणि सोडताना दोन पायऱ्या चढायच्या. वाकण्याआधी श्वास घ्यायचा, वाकताना सोडत जायचं. खुर्चीतून उठताना सोडायचा. श्रम आले की आपण नकळत श्वास रोखून धरतो, ती सवय मोडायला हाच सोपा मार्ग आहे. पत्नीलाही मी एक विनंती केली: दम लागला की “खोल श्वास घ्या” ऐवजी “अहो, सावकाश सोडा” म्हणा. त्यांनी ते त्याच दिवसापासून पाळलं. त्याचा वाटा मोठा आहे असं माझं मत आहे. भीतीच्या क्षणी माणूस कागदावरचं तंत्र आठवत नाही, जवळच्या माणसाचा आवाज ऐकतो.

इन्हेलरचं वेगळं सांगायला हवं. सर औषध नियमित घेत होते, तरी गुण कमी. मी समोर घेऊन दाखवायला सांगितलं. भरलेल्या छातीवरच त्यांनी पंप तोंडाला लावला, दाबला आणि एवढासा श्वास ओढला. औषध आत खोलवर जायला वाटच नव्हती. आधी तोंड पंपापासून बाजूला करून शांतपणे श्वास सोडायचा, मग पंप दाबताना सावकाश आणि पूर्ण आत ओढायचा, दहा सेकंद किंवा जमेल तितकं थांबायचं. त्यांच्या फवाऱ्याच्या पंपासाठी ही रीत. पावडरच्या इन्हेलरमध्ये श्वास जोरात ओढावा लागतो, पण त्याआधी श्वास सोडणं तिथेही आलंच, फक्त उपकरणात फुंकायचं नाही.

मध्येच आलेलं आजारपण

पाचव्या आठवड्यात सरांना सर्दी-तापातून छातीचा संसर्ग झाला. कफ वाढला, रंग बदलला, रात्री झोप लागेना. छातीरोगतज्ज्ञांनी औषधं वाढवली आणि आम्ही व्यायाम थांबवले. या काळात सरांचा जुना श्वास पूर्ण परत आला: खांदे वर, तोंड उघडं, घाईघाईने हवा ओढणं. शिकलेलं सगळं गेलं असं ते म्हणाले. गेलं नव्हतं. सूज आणि कफामुळे नळ्या आणखी अरुंद झाल्या होत्या, अशा वेळी औषध आधी आणि तंत्र नंतर. या दिवसांत फक्त पुढे झुकून बसणं आणि कफासाठी उघड्या गळ्याने ‘हा’ करून हवा सोडणं, एवढंच चालू ठेवलं. बरे झाल्यावर ओठांचं तंत्र त्यांना पहिल्यापेक्षा लवकर जमलं.

इथे एक इशारा देते. अचानक वाढलेली धाप, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, गुंगी येणं, एका पायावर सूज येणं, यांपैकी काहीही असेल तर श्वासाचे व्यायाम करत बसू नका, तातडीने डॉक्टरांकडे जा. दम्याचा झटका आला असेल तर आधी इन्हेलर.

काय बदललं, काय नाही

आठ आठवड्यांनंतर पहिल्या सेकंदात सुटणारी हवा १.२५ लिटर होती. म्हणजे होती तशीच. नष्ट झालेल्या भिंती कोणत्याही व्यायामाने परत येत नाहीत, आणि तसं आश्वासन देणाऱ्यावर रुग्णाने विश्वास ठेवू नये.

बदल झाला तो श्रमांत. सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत ३१० मीटरचे ३६२ झाले. साधारण ३० मीटरची वाढ रुग्णाला जाणवण्याइतकी मानतात. जिना चढून आल्यावर श्वास ३२ ऐवजी २५. त्या क्षणी आत घेता येणारी हवा १.५ ऐवजी १.८ लिटर. शून्य ते दहाच्या बोर्ग मापनावर धाप सहावरून तीनवर आली. बसल्या जागी मिनिटाला १७ श्वास. खालच्या बरगड्या अजूनही थोड्या आत ओढल्या जातात, वाकणं अजूनही कष्टाचंच आहे.

यातलं किती श्वास सोडण्याच्या तंत्राने झालं, किती पायांच्या ताकदीने आणि किती इन्हेलर नीट पोचायला लागल्यामुळे, हे एका रुग्णावरून वेगळं काढता येणार नाही. माझं मत असं की इन्हेलरचा वाटा दिसतो त्यापेक्षा मोठा असावा. पण जिन्यावर मधेच दम लागला असताना सर स्वतःचा श्वास स्वतः खाली आणू शकतात, ते औषधाने होत नाही.

फुप्फुसं निरोगी असलेल्यांना यातून घेण्यासारखं थोडं आहे, पण जपून. त्यांचा उच्छ्वास आपोआप पूर्ण होतो, मुद्दाम पिळून काढायची गरज नसते. चिंतेत, घाईत किंवा सतत बोलण्यात मात्र मागचा श्वास पुरता न सोडताच पुढचा घेण्याची सवय निरोगी माणसालाही लागते. अशा वेळी श्वास सोडण्याचा काळ थोडा लांबवला की श्वासांची संख्या उतरते. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाचे ठोकेही किंचित मंदावतात, त्यामुळे शांत वाटतं. पूरकाच्या (श्वास घेण्याच्या) दुप्पट रेचक (श्वास सोडणं) ठेवण्याची योगाभ्यासातली रीत अनेकांना माहीत असते. तीही सावकाश करायची आहे. चक्कर आली, ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर श्वास गरजेपेक्षा जास्त होतोय असं समजून थांबावं.

सरांच्या फाइलमध्ये एक प्रश्न अजून खुला आहे. अडकलेली हवा फारच जास्त असेल तर निवडक रुग्णांत फुप्फुसाचा सर्वांत खराब भाग शस्त्रक्रियेने काढतात, किंवा दुर्बिणीतून एकतर्फी झडपा बसवून तो भाग आक्रसू देतात. फुप्फुस लहान केल्यावर श्वास सुधारतो, हे ऐकून सर थक्क झाले होते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत अशा शस्त्रक्रियेचा स्पष्ट फायदा दिसला तो प्रामुख्याने फुप्फुसाच्या वरच्या भागात आजार असलेल्या आणि श्रमक्षमता कमी असलेल्या रुग्णांना. सरांचा सीटी स्कॅन पाहून छातीरोगतज्ज्ञांनी झडपांचा पर्याय त्यांच्यापुढे ठेवला आहे. सरांनी सध्या थांबायचं ठरवलंय. आठवड्यातून दोनदा येऊन चालण्याचा सराव करतात, आणि सहा महिन्यांनी प्लेथिस्मोग्राफी पुन्हा करून मग निर्णय घ्यायचा, असं आमचं तिघांचं ठरलं आहे.